चौदा क्रमांकाचा गणपती

ठाणे, ३० ऑगस्ट २०२५

अद्वय,

तू फोन उचलत नाहीस, ई-मेल उघडत नाहीस आणि तुझ्या त्या बटणांच्या फोनवर चार ओळींपेक्षा जास्त मजकूर मावत नाही. म्हणून कागदावर लिहिते आहे. नौपाड्याच्या टपाल कचेरीत सांगितले की टिटवाळ्याला पत्र तीन दिवसांत पोहोचते. तेवढ्यात तुझा राग निवेल अशी माझी समजूत नाही. मात्र वाचताना तुला मध्येच बोलता येणार नाही, एवढी सोय आहे.

मंगळवारी, हरताळकेच्या दुपारी, काय घडले ते प्रथम क्रमाने मांडते. तुला ते ठाऊक आहे. तरीही मांडते, कारण त्या दिवशी तुझ्या गणपतीच्या कारखान्यात जो तो आपल्या सोयीच्या जागेपासून सुरुवात करून ओरडत होता.

कळव्याच्या विमलाबाई आणि त्यांचा मुलगा प्रितम मूर्ती न्यायला आले. त्यांच्या घरी चार पिढ्या उजव्या सोंडेचा गणपती बसतो. त्याचे सोवळे कडक, म्हणून तशी मूर्ती फार थोडे लोक नेतात आणि फार थोडे घडवतात. जुलैत डोंबिवलीला तुझ्या नोंदणीच्या टेबलावर सहदेवने त्यांना आपल्या फोनवर संकेतस्थळावरची छायाचित्रे दाखवली. बाईंनी चौदा क्रमांकावर बोट ठेवून ‘हाच’ म्हटले, सहदेवने वहीत ‘चौदा’ लिहिले. मंगळवारी मूर्तीवरचे कापड काढले, तर सोंड डावी, जशी तुझ्या सगळ्याच मूर्तींची असते. बाई म्हणाल्या, आम्हाला उजवी दाखवली होती. सहदेव म्हणाला, खरे आहे, फोनात उजवीच दिसत होती. तू लॅपटॉप उघडलास. चौदा क्रमांक डाव्या सोंडेचा होता. मग तू मला फोन केलास. मी तपासले आणि चार वाजून दहा मिनिटांनी कळवले की संकेतस्थळ कोणत्याही आकाराच्या पडद्यावर निर्दोष आहे. हवे तर सहदेवच्याच फोनवर उघडून पाहा. तू पाहिलेस. तिथेही डावी होती.

आता यात संशयाला जागा कुठे उरते? पान एकदा ताजे करून, म्हणजे नव्याने उघडून, मग पाहा, असे मी म्हणाले ते केवळ शिस्त म्हणून. मी विद्यार्थ्यांनाही तेच सांगते.

तू फोन ठेवला नव्हतास, त्यामुळे पुढचे सारे मला ऐकू आले. प्रितम म्हणाला, “दाखवता एक, देता एक.” आईला म्हणाला, “आई, तुझं हल्ली असंच होतं.” आणि तू सगळ्या गिऱ्हाइकांसमोर म्हणालास, “सहदेवमामा, कबूल करा ना, चूक झाली म्हणून.” 

तू योग्यच बोललास. चुकलेला माणूस चूक मान्य करत नसेल, तर ती त्याच्यासमोर ठेवावीच लागते. सहदेवच्या हाताला गुण आहे हे मी नाकारत नाही. रेयॉनच्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या माणसाने पन्नाशीत शाडू हाती घ्यावा आणि तुझ्यासारख्या वास्तुरचनेच्या पदवीधराला मूर्तिकाम शिकवावे, हे कौतुकाचेच आहे. पण नोंद ठेवणे ही वेगळी विद्या आहे आणि ती त्याच्याकडे नाही. पुढच्या वर्षी सगळी नोंदणी संकेतस्थळावरूनच घ्यावी, मध्ये माणूस नको, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपले वडील, भाऊ, गेल्यावर मी तुला जे बोलले, त्याबद्दल चार वर्षे आपण एकमेकांशी बोललो नाही. शिकून चिखल तुडवायचा होता तर शिकलास कशाला, असे काहीसे ते वाक्य होते. जानेवारीत तूच फोन करून म्हणालास, “ताई, कारखान्याची वेबसाइट करायची आहे. तू करशील?” सात महिने मी ते काम ज्या काळजीने केले तितक्या काळजीने माझा प्रबंधही लिहिला नव्हता. ते काम सदोष ठरावे, तेही एका वहीतल्या नोंदीवरून, हे मला सहन होणार नाही.

ऋजुता


ठाणे, १२ सप्टेंबर २०२५

अद्वय,

तुझे पोस्टकार्ड मिळाले. तीन वाक्ये आणि सही नाही. “सहदेवमामा त्या दिवसापासून आलेले नाहीत. कोरण्या घेऊन गेले. माघी गणपतींची आखणी कोण करणार ते तू सांग.”

आखणी म्हणजे डोळे रेखणे, आणि डोळ्यांवाचून मूर्ती ही नुसती माती, हे भाषण तू मला एकदा दिले आहेस. पुन्हा देण्याची गरज नाही. जानेवारीच्या चौथ्या आठवड्यात माघी चतुर्थी येते, म्हणजे हाताशी चार महिने आहेत. ठाणे जिल्ह्यात डोळे आखणारा दुसरा कोणी नाही यावर माझा विश्वास नाही. आणि तुझा हात त्यांच्याइतका स्थिर नाही, हे तूच ठरवून टाकले आहेस. प्रयत्न केला आहेस का?

मी कळव्याला जाऊन आले. तुला न विचारता गेले, हे खरे. कारखान्याच्या वतीने कोणीतरी सभ्यपणे दिलगिरी व्यक्त करणे आवश्यक होते आणि तू ते करणार नाहीस, असा माझा अंदाज होता.

विमलाबाई पंच्याहत्तरीच्या आहेत. शाळेत गणित शिकवत. घर स्वच्छ, पुस्तके उंचीप्रमाणे लावलेली. मला बरे वाटले. ऐन वेळी उजवी मूर्ती मिळाली नाही, आणि डावी बसवून घराची रीत मोडायची नाही, म्हणून त्यांनी तांदळावर सुपारी ठेवून तिचीच पूजा केली. दीड दिवस मखरात सुपारी. शेजारणी येऊन पाहून गेल्या, असे त्या हसत सांगत होत्या. हसणे खरे नव्हते.

मग त्यांनी मला विचारले. प्रितम आत चहा करत होता, म्हणून त्या हळू बोलल्या. “तुम्ही शिकलेल्या आहात म्हणून विचारते. असं होतं का हो, की माणसाला उजव्याचं डावं दिसायला लागतं? मी तीनदा पाहिलं होतं. चष्मा पुसून पाहिलं होतं. प्रितम म्हणतो, मेंदूच्या डॉक्टरांकडे जाऊन येऊ.”

मी म्हणाले, वयोमानाने होऊ शकते.

हे मी तुला का लिहिते आहे, ते मला नीट सांगता येणार नाही. वाक्य तोंडून गेले. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा तो विषय काढला नाही. निघताना मला लिंबाचे लोणचे दिले. ते अजून पिशवीतच आहे.

संकेतस्थळाची मांडणी मी कशी केली, हे तू कधी विचारले नाहीस. ‘छान दिसतंय’ एवढेच म्हणालास. तुला वाटते चित्रे एकामागे एक लावली की काम झाले. मोठ्या पडद्यावर चित्राच्या उजवीकडे पुढे जाण्याचा बाण आहे. डाव्या सोंडेचे टोक पाहणाऱ्याच्या उजव्या हाताला वळते. नजर त्या टोकाबरोबर सरकते आणि बाणापाशी जाऊन थांबते. मला काहीच करावे लागले नाही, मूर्तींनीच केले. फोनवर मात्र बाण ठेवणे गबाळे दिसते. तिथे माणूस अंगठ्याने चित्र सरकवतो. बहुतेकांचा अंगठा उजवीकडून येतो आणि तेवढी जागा झाकून टाकतो. म्हणून मूर्तीचा क्रमांक, उंची आणि नोंदणीचे बटण मी डावीकडे घेतले. पण सोंडेचे टोक उजवीकडे, म्हणजे नजर नेमकी अंगठ्याखाली जाणार. सहा आठवडे मी या एका अडचणीवर काम करत होते. घरी, मी शिकवते त्या संस्थेत, ओळखीच्या अकरा जणांच्या हाती फोन देऊन त्यांची बोटे पाहत होते.

अरुंद पडद्यासाठी काही वेगळे निर्णय घ्यावे लागतात. ते मी घेतले होते.

ऋजुता


ठाणे, २१ सप्टेंबर २०२५
सर्वपित्री अमावास्या

अद्वय,

भाऊंचे श्राद्ध आज झाले. तू येणार नाहीस असे गृहीत धरून मी डोंबिवलीहून अपूर्वला बोलावले होते. चुलत असला तरी तो वेळेवर आला, सोवळे नेसून पाटावर बसला, आणि गुरुजींनी सांगितलेले सगळे त्याने निमूटपणे केले. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. आमसुलाची चटणी वाढायची राहिली होती.

गुरुजी म्हणाले, “अपसव्य करा.” अपूर्वने जानवे डाव्या खांद्यावरून काढून उजव्या खांद्यावर घेतले. देवकार्यात ते डाव्या खांद्यावर असते, पितरांच्या वेळी उजव्या. लहानपणापासून दर वर्षी पाहिलेली गोष्ट. भाऊ ते एका हाताने, बोलणे न थांबवता करत, तुला आठवत असेल.

आज ते पाहिले आणि माझ्या हातातली वाटी मी खाली ठेवली.

आता लिहिते. मार्चमध्ये, फोनवरच्या त्या अडचणीवर मला उपाय सापडला होता. चित्र आरशासारखे उलटे करायचे. मांडणीच्या फाइलमध्ये एकच ओळ: पडदा अमुक रुंदीपेक्षा कमी असेल, तर छायाचित्राची डावी-उजवी बाजू बदल. सोंडेचे टोक डावीकडे आले, नजर क्रमांकावर आणि बटणावर गेली. अकराच्या अकरा माणसांची बोटे हवी तिथे पडली. मला इतका आनंद झाला होता, की मी तुला फोन करून ‘झालं’ म्हणाले होते, आणि काय झाले ते सांगितले नव्हते. मोठ्या पडद्यावर सगळे जसेच्या तसे होते, म्हणून तुझ्या लॅपटॉपवर तुला कधीच काही दिसले नाही.

चित्र उलटे केले की डावी सोंड उजवी होते. चाळीस मूर्ती, चाळीसही उजव्या सोंडेच्या. आणि चाळीसही देवांचे जानवे उजव्या खांद्यावर. सोन्याच्या रंगात, झळझळीत.

तू विचारशील, तुझ्या लक्षात कसे आले नाही? याच घरात वाढलेली, दर भाद्रपदात मखर करणारी तू. याचे उत्तर शोधण्यात माझी दुपार गेली. मी त्यांच्याकडे गणपती म्हणून पाहिलेच नव्हते. वळण, वजन, नजरेची दिशा, एवढेच मी पाहत होते. मी ज्या गोष्टीचा अभिमान बाळगते, ती हीच.

विमलाबाईंनी जे पाहिले ते होते. सहदेव खरे बोलत होता. ती ओळ मी ऑगस्टमध्ये काढून टाकली आहे. आता कुठल्याही फोनवर मूर्ती सरळ दिसतात. तू हे त्यांना कळव. माझे नाव सांगितलेस तरी चालेल, पण ‘तांत्रिक अडचण होती’ एवढे पुरेसे व्हावे.

ऋजुता


ठाणे, २४ ऑक्टोबर २०२५

अद्वय,

उत्तर आले नाही. काल भाऊबीज होती. मी ताट केले नव्हते, त्यामुळे तू आला नाहीस म्हणून काही वाया गेले नाही.

तू ते पत्र वाचून सहदेवमामांना काही कळवले नाहीस, हे मला मोहन्याला त्यांच्या घरी गेल्यावर कळले. का कळवले नाहीस, त्याचे कारण माझ्या पत्रातच आहे असे मला वाटते. ‘ऑगस्टमध्ये’ असे मी लिहिले होते. एरवी मी तारीख घालते, वेळही घालते. तू माझा भाऊ आहेस; तुला ते टोचले असणार.

तर वेळ लिहिते. सव्वीस ऑगस्ट, दुपारी चार वाजून चार मिनिटे.

तुझा फोन आला तेव्हा चाराला दहा मिनिटे कमी होती. मागे प्रितमचा आवाज येत होता. तू म्हणालास, “ताई, हे लोक म्हणतात फोनवर उजवी दिसत होती. असं होऊ शकतं का?” मला त्याच क्षणी कळले. मी म्हणाले, पाच मिनिटे थांब, मी पाहते, तोवर कोणी पान उघडू नका. फाइल उघडली, ओळ काढली, नवी प्रत चढवली, माझ्या फोनवर पाहिले, संस्थेच्या दुसऱ्या फोनवर पाहिले. मग चार वाजून दहा मिनिटांनी तुला सांगितले की सगळे निर्दोष आहे. सहदेवमामांच्याच फोनवर उघडून पाहा, असे तुला कोणी सुचवले, ते तुला आठवत असेल. आणि पान ताजे करायला कोणी सांगितले तेही. जुने पान त्यांच्या फोनात उरले असते, तर तू ते पाहिले असतेस. मी पहिल्या पत्रात लिहिलेले एकही वाक्य खोटे नव्हते. मी ते तसे रचलेच होते.

याहून आधीचे एक आहे. जूनमध्ये सहदेवमामांनी मला फोन केला होता. नंबर तुझ्याकडून घेतला, असे म्हणाले. “ताई, फोनात देवांचं जानवं उजव्या खांद्यावर दिसतंय. सगळे श्राद्धाला बसल्यावानी दिसत्यात. तेवढं बघा.” मी परीक्षेचे पेपर तपासत होते. मी म्हणाले, “तुम्ही मूर्ती बघा, मांडणी मी बघते. गिऱ्हाइकाला नंबर विचारा आणि लिहून घ्या, बाकीचं बोलू नका.” ते “बरं” म्हणाले. मी जाऊन पाहिलेदेखील नाही. हा माणूस मला माझे काम शिकवतो आहे, एवढेच माझ्या मनात राहिले.

म्हणून जुलैत विमलाबाईंनी चौदावर बोट ठेवले, तेव्हा ते बोलले नाहीत. मीच त्यांना बोलू नका म्हटले होते.

मोहन्याला मी दोनदा गेले. पहिल्यांदा शहाड स्टेशनवरून रिक्षा केली, त्यांच्या गल्लीच्या नाक्यावर उतरले, किराणा दुकानातून बिस्किटांचा पुडा घेतला आणि त्याच रिक्षाने परत आले. दुसऱ्यांदा परवा, पाडव्याला गेले. त्यांच्या पत्नीने, रखमाबाईंनी, दार उघडले. त्यांनी मला ओळखले नाही. मामांनी आतून आवाजावरून ओळखले. “अद्वयची बहीण आहे ती. बस म्हण.”

मी काय बोलायचे ते ओळीने ठरवून गेले होते. त्यांनी चहा येईपर्यंत मला फराळ खायला लावला, माझ्या संस्थेला सुट्टी किती ते विचारले, ठाण्यात पाणी येते का विचारले. मग स्वतःच म्हणाले, “ताई, आता सरळ दिसतंय ना?”

मी “हो” म्हणाले.

“बरं केलंत. चार वाजेपर्यंत उलटे होते, मग सरळ झाले. एवढं मलाही कळतं.”

मी विचारले, मग तुम्ही अद्वयला का नाही सांगितले? तेव्हाच, तिथेच? जूनचा फोन तरी सांगायचा होता.

त्यांनी रखमाबाईंकडे पाहिले. त्या म्हणाल्या, “मी रोज हेच विचारते यांना. दोन महिने झाले, माणूस घरात बसून आहे.” मग मामा म्हणाले, “तुम्ही दोघं सात महिने फोनवर बोलत होतात. फोन ठेवला की पोरगं शीळ घालायचं. काम करता करता. चार वर्षांत मी त्याची शीळ ऐकली नव्हती. मी सांगितलं असतं, तर तुमचं पुन्हा बंद.” पुढे म्हणाले, “ते तसंही बंद झालं. मला तेवढं कळलं नाही.”

त्यांच्या पडवीत ओल्या फडक्याखाली एक मूर्ती आहे. त्यांनी फडके उचलून दाखवली. उजव्या सोंडेची. साचा नाही, सगळी हाताने केलेली. कळव्याच्या बाईंसाठी, माघात बसवतील म्हणाले. प्रितमचा नंबर वहीत होता, तो त्यांनी पाठ केला होता, पण अजून फोन केलेला नाही. मी जवळून पाहिले. सोंड उजवीकडे वळली आहे आणि जानवे डाव्या खांद्यावर आहे. मांडी, हात, मोदक, उंदीर, प्रत्येकाचा तोल त्या एका वळणासाठी नव्याने बसवावा लागला आहे. मी एका ओळीत जे केले होते, त्यासाठी त्यांना पाच आठवडे लागले. चेहरा पूर्ण आहे, डोळे नाहीत.

मी फोन काढला, तेव्हा म्हणाले, “याचा फोटो नको.”

मी त्यांची माफी मागितली का, असे तू विचारशील. मागितली. शब्द ठरवलेले होते ते सगळे बोलले. ते ऐकून घेतल्यावर म्हणाले, “तुम्ही इथं बोललात, ते बरं झालं. पण मला खोटा पाडला तो चार लोकांसमोर.” एवढेच. त्यात राग नव्हता. ते मोजमाप सांगत होते.

म्हणून आता असे करते आहे. माझ्याकडे संकेतस्थळाची प्रत्येक आवृत्ती तारखेसह जपलेली आहे. माझ्याशिवाय ती कोणालाही दिसत नाही, आणि मी गप्प राहिले असते तर कधीही दिसली नसती. येत्या दहा नोव्हेंबरला, सोमवारी, सकाळी दहा वाजता मी सव्वीस ऑगस्टच्या आधीची आवृत्ती पुन्हा चढवणार आहे. फोनवर सगळ्या मूर्ती पुन्हा उलट्या दिसतील. प्रत्येक चित्राखाली हा मजकूर असेल: ‘मार्चपासून २६ ऑगस्ट, दुपारी ४.०४ पर्यंत फोनवर छायाचित्रे अशी उलटी दिसत होती. चूक माझी. सहदेव यांनी ती जूनमध्येच माझ्या नजरेस आणली होती. मी ऐकले नाही, आणि नंतर ती लपवली.’ खाली माझे नाव, पदव्यांसह. दुसऱ्या कोणा ऋजुतेवर हे जायला नको.

त्या दुपारी कारखान्यात होते त्यांचे नंबर नोंदणीत आहेत. त्यांना मी आधी कळवते आहे. तू एखाद्याचा चांगला फोन माग आणि पाहा.

ऋजुता


ठाणे, १० नोव्हेंबर २०२५
संध्याकाळ

अद्वय,

दहा वाजता मी कळव्याला विमलाबाईंकडे होते. आधीच त्यांना सांगून ठेवले असते तर बरे झाले असते, पण मला ते फोनवर सांगता आले नाही. आवृत्ती सकाळी त्यांच्या बैठकीच्या खोलीत बसून चढवली. प्रितम कामावर जायचा थांबला होता. त्याला त्याच्या फोनवर पान उघडायला सांगितले आणि चौदा क्रमांक काढायला सांगितला.

त्याने पाहिले, खालचा मजकूर वाचला, आणि फोन आईच्या हातात दिला. त्याला माझ्याशी काही बोलायचे असावे, पण तो आईशी बोलला. “डॉक्टरांची अठरा तारखेची वेळ रद्द करतो.” बाईंनी त्याचे ऐकलेच नाही. त्या फोन नाकाजवळ धरून बसल्या होत्या. “हाच. हाच होता.” मग म्हणाल्या, “अगं बाई, जानवंपण चुकलंय की. मी मेली सोंडच बघत बसले.” हे त्या मला ऐकवत नव्हत्या, स्वतःलाच सांगत होत्या. मी त्यांना म्हणाले, तुम्ही मला विचारले होते तेव्हा मला खरे ठाऊक होते. त्या गणिताच्या बाई आहेत, त्यांनी मला नीट पाहिले आणि म्हणाल्या, “मग तुम्ही मला नापास केलंत.” मी हो म्हणाले. या वेळी लोणचे दिले नाही.

बारा वाजता सहदेवमामांचा फोन आला. मला वाटले होते, आठवडाभर तरी ते पान तसेच ठेवावे. चार लोकांसमोर झालेले चारशे लोकांसमोर पुसले जावे, असा माझा हिशेब होता. ते म्हणाले, “बघितलं सगळ्यांनी. प्रितमचाही फोन येऊन गेला. आता सरळ करा, ताई. देवांना अपसव्य किती वेळ बसवायचं?”

मी बारा वाजून सहा मिनिटांनी चित्रे सरळ केली. खालचा मजकूर तसाच ठेवला आहे आणि तो राहील. क्रमांक आणि बटणे आता खाली, मधोमध आहेत. तितके चांगले दिसत नाही.

मग मी त्यांना विचारले, आता कारखान्यात जाल ना? माघ जवळ येतो आहे. ते म्हणाले, “ते तुमच्या हातात नाही. कारखान्यात मला तुम्ही बोलला नव्हतात.” नंतर म्हणाले, “शुक्रवारी अद्वय आला होता. गल्लीच्या नाक्यापर्यंत. रखमानं बघितलं. किराणा दुकानापाशी उभा होता, काहीतरी विकत घेतलं आणि गेला.”

मला ते ऐकून हसू आले, आणि ते हसू मला आवरेना. 

अद्वय, दुसऱ्यांदा जाता येते. मला महिना लागला. तू तेवढी सवड घेऊ नकोस, तुझ्याकडे तेवढी नाही. काय बोलायचे ते ठरवून जाऊ नकोस, त्याचा उपयोग होत नाही. ते आधी खायला घालतात आणि पाण्याची चौकशी करतात.

कळव्याच्या मूर्तीचे डोळे घरी का नाही आखत, असे मी फोन ठेवता ठेवता विचारले. ते म्हणाले, पडवीत उजेड तिरपा येतो. आखणी नेहमी कारखान्याच्या उत्तरेकडच्या खिडकीपाशीच केली आहे, तिथेच करीन.

ताई